गुलाबावरचा पेपर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मावळातल्या पॉलिहाउसांत कोणाला उसंत नसते. पवनेच्या काठच्या गावांपासून तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपर्यंत पहाटेच्या अंधारातच कात्र्या सुरू होतात, बादल्यांत देठ उभे राहतात, प्रतवारीच्या टेबलावर फुलांचे ढीग पडतात. व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाणारा माल याच पंधरा-वीस दिवसांत निघायचा असतो. टेबलापाशी उभी असलेली बाई देठाची लांबी खुणेवर धरून बघते, चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर, आणि वीस-वीस फुलांचे बंच बांधत जाते. मध्येच तिचा हात थांबतो. फूल टवटवीत आहे, देठ सरळ आहे, पण बाहेरच्या पाकळ्यांची कड काळपट पडली आहे, जणू कोणी शाईत बुडवून काढली. ते फूल बाजूला पडतं. परदेशच्या पेटीऐवजी आता ते पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात जाणार, आणि तिथे त्याला मिळणारा भाव वेगळा असणार.

हा रोग नाही आणि कीडही नाही. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि थंडी व अतिनील किरण एकत्र आले की पाकळीच्या वरच्या थरात हे द्रव्य गरजेपेक्षा जास्त साठतं. लाल इतका गडद होतो, की डोळ्याला काळा दिसतो. इस्राएलमधल्या बागायतदारांना १९६०च्या दशकात ‘बकारा’ जातीच्या गुलाबांनी याच तक्रारीने हैराण केलं होतं, आणि तिथल्या संशोधकांनी थंडी आणि अतिनील किरण ही जोडी तेव्हाच पकडली. मावळात हीच जोडी नेमकी सुगीच्या वेळी जमते. रात्री कडाक्याचा गारठा, आणि दिवसा निरभ्र आकाशातून कोसळणारं ऊन. थंडीवर शेतकऱ्याला फारसा उपाय नाही. किरणांवर मात्र आहे, आणि तो त्याच्या डोक्यावरच ताणलेला असतो.

त्याला मावळात कोणी फिल्म म्हणत नाही, पेपर म्हणतात. ‘पेपर बदलायला झाला’, ‘पेपर फाटला’, ‘यंदा पेपरचा खर्च आहे.’ दोनशे मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, पॉलिथिनचा हा पारदर्शक पेपर जीआय पाइपच्या कमानींवर ओढून घेतात आणि अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये झिगझॅग स्प्रिंगने दाबून बसवतात. तीन-चार वर्षांनी तो बदलावा लागतो. जुना पेपर हातात घेऊन बघावा. कमानींच्या मधला भाग अजून लवचिक असतो, पण जिथे तो पाइपला टेकलेला असतो तिथे नखाने दाबलं तरी वाळक्या पानासारखा तडकतो. उन्हात तापलेला पाइप खालून भाजतो आणि ऊन वरून. म्हणूनच जाणते लोक पेपर चढवण्याआधी पाइपच्या वरच्या अंगाला पांढरा रंग फासून घेतात.

या पेपरकडून दोन कामांची अपेक्षा असते. स्वतः उन्हात टिकायचं, आणि खालच्या फुलापर्यंत अतिनील किरण पोचू द्यायचे नाहीत. शिवाय अट अशी, की दिसणारा प्रकाश अडता कामा नये, कारण झाडाचं सगळं पोट त्यावर चालतं.

पहिल्या कामाचं सोपं उत्तर पुण्याच्या प्रत्येक गच्चीवर उभं आहे: पाण्याची काळी टाकी. प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळली, की ती ऊन गिळते आणि प्लॅस्टिक वाचतं. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याचसाठी. त्यांत दोन-अडीच टक्के काजळी पुरते. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. पण तो दिसणारा प्रकाशही गिळतो. काजळीने वाचवलेल्या पेपरखाली गुलाब जगणार नाही. पारदर्शकतेची अट आली, की प्रश्न एकदम अवघड होतो.

ऊन प्लॅस्टिकचं नेमकं करतं काय? सूर्यप्रकाशाची जमिनीवर पोचणारी जी ऊर्जा आहे, तिच्यात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम विसातला एक. पण त्यातला एकेक कण जोरकस असतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, ती साधारण ३४५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणाजवळ असते. त्याहून आखूड तरंगलांबीच्या किरणाजवळ ती जास्तच असते. शुद्ध पॉलिथिन खरं तर हे किरण शोषतच नाही. शोषतात ते त्यातले डाग: उत्प्रेरकाचे राहिलेले अंश, आणि कारखान्यात वितळताना हवेतल्या ऑक्सिजनने इथे-तिथे केलेल्या छोट्या जखमा. तिथून साखळी तुटायला लागते आणि एक तुटलेली साखळी शेजारणीला घेऊन तुटते. पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, आणि मेच्या मध्याला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. पेपरला यापेक्षा कठोर परीक्षक शोधूनही मिळायचा नाही.

आजवरचा रुळलेला इलाज सेंद्रिय रसायनांचा आहे. बेंझोफिनोन आणि बेंझोट्रायाझोल कुळातली द्रव्यं अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करतात, आणि ‘हॅल्स’ या नावाने ओळखली जाणारी अमाइन द्रव्यं तुटलेल्या साखळ्यांचा उपद्रव जागीच थांबवतात. या रसायनांनी पॉलिहाउसची शेती उभी केली, हे मान्य करायलाच हवं. पण त्यांच्या मर्यादाही शेतातच उघड्या पडतात. लहान रेणू असल्याने ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि धुऊन जातात. शोषता शोषता स्वतःही झिजतात. गुलाबावर भुरी आली, की शेतकरी गंधक फवारतो. गंधकातून तयार होणारी आम्लं हॅल्सची ताकद मारतात, आणि पेपर मुदतीआधीच जातो. भुरीचा बंदोबस्त केला म्हणून डोक्यावरचं छप्पर गमवावं, ही शिक्षा फार झाली. त्यात २०२३ मध्ये बेंझोट्रायाझोल कुळातलं यूव्ही-३२८ हे द्रव्य स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं, कारण ते निसर्गात विघटित होत नाही आणि प्राण्यांच्या शरीरात साठत जातं.

मग नजर वळते ती खनिजांकडे. जस्ताचं ऑक्साइड, म्हणजे झिंक ऑक्साइड, घराघरात ओळखीचं आहे. कॅलामाइन लोशनमध्ये तेच असतं, आणि क्रिकेटपटू नाकावर-गालावर जो पांढरा लेप लावून मैदानात उतरत, त्यातही तेच. हे द्रव्य झिजत नाही आणि धुऊन जात नाही. मात्र तो लेप पांढराफटक असतो, आणि पांढरा पेपर गुलाबाला चालायचा नाही.

इथे पुण्याचा संबंध जुना आहे. १९९६ साली पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या शैलजा महामुनी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले सुभाष रिसबूड यांच्या गटांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता पॉलिमरमध्ये बसवलेले झिंक ऑक्साइडचे नॅनोकण. १९९९ मध्ये त्याच जोडीचा पुढचा निबंध आला, विजेच्या मदतीने वाढवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पुंजबिंदूंवर, म्हणजे क्वांटम डॉट्सवर. त्याच विभागात सुलभा कुलकर्णी झिंक सल्फाइडच्या नॅनोकणांवर काम करत होत्या. गुलाब त्यांच्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की पदार्थाचा कण लहान, अजून लहान करत नेला तर त्याचा स्वभाव कुठे बदलतो. पण पारदर्शक पेपरचं सगळं गुपित याच प्रश्नात दडलेलं आहे.

झिंक ऑक्साइड पांढरं का दिसतं, तर ते प्रकाश शोषतं म्हणून नव्हे, उधळतं म्हणून. कुटलेली काच पांढरी दिसते तसंच. पॉलिथिनचा अपवर्तनांक दीडच्या आसपास आणि झिंक ऑक्साइडचा दोन. या फरकामुळे प्रत्येक कणाशी प्रकाश थोडा थोडा वळतो आणि चहूकडे फेकला जातो. शाळेत शिकवतात ते हेच प्रकाशाचं विकिरण. भिंतीच्या पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण मुद्दाम दोनशे-अडीचशे नॅनोमीटरचे ठेवतात, कारण त्या आकाराला विकिरण सगळ्यात जोरात होतं. कण त्याहून बराच लहान झाला, की चित्र पालटतं. तेवढ्याच वजनाची पूड शंभर नॅनोमीटरच्या कणांऐवजी वीस नॅनोमीटरच्या कणांची केली, तर विकिरण साधारण सव्वाशे पटींनी घटतं. प्रकाशाच्या लाटेला तो कण आता खडक वाटतच नाही; ती त्याच्यावरून निघून जाते.

शोषण मात्र घटत नाही, आणि सगळी गंमत त्यात आहे. विकिरण आकारावर अवलंबून असतं. शोषण पदार्थाच्या आतल्या घडणीवर. झिंक ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जा-पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात उडी मारायला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. एवढी ऊर्जा साधारण ३७५ नॅनोमीटरच्या किरणाजवळ असते. त्याहून आखूड तरंगलांबीचा किरण गिळला जातो, लांब असलेला सुटतो. मध्ये उतार जवळजवळ नाहीच, सरळ कडा आहे.

हिशेब करून बघण्याजोगा आहे. एक चौरस मीटर पेपरचं वजन सुमारे १८४ ग्रॅम. त्यात एक टक्का झिंक ऑक्साइड घातलं, तर ते भरेल पावणेदोन ग्रॅमच्या थोडं वर. ही पूड त्या चौरस मीटरवर सलग पसरली असती, तर थर मिलिमीटरच्या तीन हजाराव्या हिश्श्याएवढा झाला असता. आणि एवढासा थर ३५० नॅनोमीटरचे नव्वद टक्क्यांहून अधिक किरण अडवतो. वीस नॅनोमीटरचे कण धरले, तर त्या एका चौरस मीटरमध्ये आठावर सोळा शून्यं एवढे कण बसतात, आणि तरी दोन शेजाऱ्यांच्या केंद्रांमध्ये सरासरी १३५ नॅनोमीटरचं अंतर राहतं.

मग कण जितका लहान तितका बरा? नाही. पुणे विद्यापीठातलं ते पुंजबिंदूंचं काम इथे कामी येतं. कण साधारण सात-आठ नॅनोमीटरच्या खाली गेला, की आतल्या इलेक्ट्रॉनला जागा अपुरी पडते, ऊर्जा-पट्ट्यांमधली फट रुंदावते आणि शोषणाची कडा आखूड तरंगलांबीकडे सरकते. म्हणजे अडवायचे तेच किरण सुटू लागतात. फार मोठा कण पेपर दुधाळ करतो, फार लहान कण राखण सोडतो. काम करायचं ते मधल्या चिंचोळ्या पट्टीत, दहा ते तीस नॅनोमीटरच्या आसपास.

कागदावर एवढं सरळ असलेलं काम कारखान्यात का अडतं, ते पिठलं करणाऱ्या कोणालाही चटकन कळेल. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन टाकलं, की गुठळ्या होतात. बाहेरून गोळा शिजलेला, आत कोरडं पीठ, आणि मग कितीही ढवळा. नॅनोकणांचंही तेच, फक्त कित्येक पटींनी हट्टी. एक ग्रॅम पुडीतल्या वीस नॅनोमीटरच्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग एकत्र मोजला, तर ५३ चौरस मीटरच्या वर जातो. पुण्याच्या भाषेत, साडेपाचशे चौरस फुटांचा वन-बीएचके एका चिमटीत. एवढा उघडा पृष्ठभाग एकमेकांना धरूनच बसणार. त्यात झिंक ऑक्साइडला पाण्याची ओढ आणि पॉलिथिन तेलकट, म्हणजे मुळातच पटत नाही. वीस नॅनोमीटरचे कण चिकटून चारशेचा गोळा झाला, की नॅनोकणांचे पैसे मोजूनही हातात पांढरा पेपरच येतो.

अनुभवी हात बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून मगच आधणात सोडतो. प्लॅस्टिकच्या धंद्यात त्या कालवणाला मास्टरबॅच म्हणतात. कण आधी थोड्या पॉलिमरमध्ये दाट प्रमाणात, दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमधून घुसळून घेतात, त्याचे दाणे पाडतात, आणि ते दाणे मग मुख्य मालात टाकतात. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात प्लॅस्टिकचं काम करणाऱ्याला मास्टरबॅच हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मास्टरबॅचचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं दिलं जात नाही: कोरडी नॅनोपूड हवेत उडते आणि कामगाराच्या फुप्फुसात जाते. दाण्यात बांधलेला कण उडत नाही. पूड हाताळण्याचं काम एका बंदिस्त, नीट हवेशीर जागी आटपावं आणि पुढे सगळ्यांनी फक्त दाणे हाताळावेत, एवढी शिस्त प्रत्येक कारखान्याने पाळायलाच हवी.

नुसत्या घुसळण्यानेही भागत नाही. कणाला अंगरखा घालावा लागतो. स्टिअरिक आम्लासारखं स्निग्ध आम्ल किंवा सिलेनसारखं द्रव्य एका टोकाने कणाला धरतं आणि तेलकट शेपटी बाहेर सोडतं. मग पॉलिथिनला तो कण परका वाटत नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याचे नॅनोकण असाच अंगरखा घालून पाण्यातून सेंद्रिय द्रावकात नेले होते. कण तेवढेच, फक्त घर बदललेलं. या प्रयोगशाळेच्या कुळातच हा विषय आहे. ३ जानेवारी १९५० रोजी तिचं उद्घाटन झालं तेव्हा पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. साबणाचे रेणू पाण्यात तेलकट शेपट्या आत आणि पाण्याची ओढ असलेली डोकी बाहेर ठेवून घोळके करतात, हे १९१३च्या सुमारास मांडणारे तेच. आज ज्या आकाराला नॅनो म्हणतात, त्या आकाराची दुनिया तेव्हा कलिल या नावाने ओळखली जात होती.

अंगरख्याचं दुसरं कामही मोलाचं आहे. अतिनील किरण गिळल्यावर कणात एक सुटा इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा उरते. ही जोडी आतच मिटली तर नुसती उष्णता होते. पृष्ठभागापर्यंत पोचली, तर पाणी आणि ऑक्सिजनशी मिळून अशी आक्रमक द्रव्यं तयार करते, की ती भोवतालचं पॉलिमरच कुरतडतात. टायटॅनियम डायऑक्साइडचं अॅनाटेज रूप यात सगळ्यात वाईट. त्याच गुणामुळे ते घाण जाळणाऱ्या काचांवर वापरतात. राखणदारानेच वाडा पोखरावा तसं होतं. म्हणून कणांवर सिलिका किंवा अॅल्युमिनाचं पातळ कवच चढवतात, किंवा टायटॅनियमचं तुलनेने शांत असलेलं रुटाइल रूप निवडतात. सेरियम ऑक्साइड या बाबतीत बरंच समंजस आहे, पण त्याची पिवळसर झाक सगळीकडे चालत नाही.

शोषणाची ती कडा किती सरळ आहे हे बघायला प्रयोगशाळेत जायला नको. दुकानदार नोटा तपासायला जांभळट दिवा ठेवतात, तो घ्यावा. पाचशेच्या नोटेवरचे क्रमांक आणि कागदातले बारीक धागे त्या उजेडात चमकतात. नोट आणि दिव्याच्या मध्ये झिंक ऑक्साइडची चांगली फिल्म धरली, की चमक मावळते, आणि तरी फिल्ममधून नोटेवरचं अक्षर अन् अक्षर वाचता येतं. मात्र दिवा ३६५ नॅनोमीटरचा हवा. बाजारात मिळणारी स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ची असते. तिचा उजेड कडेपेक्षा लांब तरंगलांबीचा, त्यामुळे फिल्म त्याला अडवत नाही आणि नोट चमकतच राहते. त्यावरून फिल्म बनावट ठरवणं तिच्यावर अन्याय होईल.

पारदर्शकतेची ही अट फक्त शेतात नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या हातावर बाजूच्या काचेतून ऊन पडतं. पुढची काच दोन थरांची असते आणि मधला प्लॅस्टिकचा पडदा जवळजवळ सगळे अतिनील किरण थोपवतो. बाजूची साधी कडक केलेली काच मात्र लांब तरंगलांबीचे किरण बरेचसे आत सोडते. काळी फिल्म लावणं हा त्यावर मार्ग नाही. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश जायला हवा, असा नियम आहे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची कडक अंमलबजावणी करायला लावली.

पॉलिहाउसला काचेसारखी नितळ फिल्म लागतही नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. आत येणारा प्रकाश किंचित पसरून आला तर उलट खालच्या पानांनाही तो मिळतो. हवा तो एकूण उजेड. छपरातून ढग दिसले नाहीत तरी गुलाबाची तक्रार नसते. म्हणजे थोड्याफार गुठळ्या शेतात खपून जातील. गाडीच्या काचेवर किंवा खाद्यपदार्थाच्या पारदर्शक पाकिटावर त्या खपणार नाहीत.

शेतकऱ्याला या पेपरचा आणखी एक लाभ होतो. पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा यांना अतिनील उजेड दिसतो आणि त्याच्या आधाराने दिशा शोधतात. १९९०च्या दशकात इस्राएलमध्ये येहेझकेल अँटिग्नुस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे किरण अडवणाऱ्या पेपरखाली या किडींचा शिरकाव आणि त्यांच्यामुळे पसरणारे विषाणूरोग लक्षणीय घटतात. फुलकिड्यांनी बेजार झालेल्या रंगीत ढोबळी मिरचीच्या उत्पादकाला यातून मिळणारी एक-दोन फवारण्यांची सुटकाही मोठी वाटते. पण मधमाश्याही याच उजेडावर वाट काढतात. परागीकरणासाठी ज्या पिकाला त्यांची गरज आहे, तिथे हाच पेपर नडू शकतो.

आणि प्रत्येक पीक गुलाब नसतं. वांग्याचा जांभळा रंग आणि लाल लेट्यूसची तांबूस कड हीदेखील अँथोसायनिनचीच देणगी. एका शेडमध्ये गुलाब आणि शेजारच्या शेडमध्ये हॉटेलांसाठी लाल लेट्यूस घेणाऱ्या शेतकऱ्याने दोन्हींवर अतिनील किरण अडवणारा एकच पेपर चढवला, तर गुलाबाच्या पाकळ्यांची कड लाल राहील, आणि लेट्यूसची पानं मात्र फिकट हिरवी निघतील. त्या दुसऱ्या शेडवर त्याला शोषणाची कडा आखूड तरंगलांबीकडे असलेला, निदान लांब तरंगलांबीचे किरण आत सोडणारा पेपर हवा, आणि दुकानात मागताना तसं नेमकं सांगायलाही हवं.